पुसायच्या आधी

इंदापूर
मंगळवार, १० फेब्रुवारी

सृष्टी,

नमस्कार. सप्रेम का साधा, ते पत्र संपताना ठरवू.

मी ठीक. तूही पुण्यात ठीक असशील आणि डबा वेळेवर खात असशील असं धरून चालतो. कोऱ्हाळ्यात आमच्या उसाला तोड आली आहे, त्यामुळं आईला बोलायला वेळ नाही आणि अप्पांना माझ्याशी बोलायची इच्छा नाही. घर शांत आहे. तुमच्या कऱ्हाटीची मात्र माझ्याकडं ताजी खबर आहे. तुझे आजोबा, गेणबाआबा, शनिवारी पाहुण्यांकडं इंदापूरला आले होते. आमच्या फोटो स्टुडिओच्या दारातनंच त्यांनी विचारलं, "आमच्या छकुलीचं लगीन कुठवर आलं रं?" मी ऐटीत सांगितलं की सगळं शूटिंग कधीच पोचलंय आबा, वर क्लाउडमध्ये आहे, तिथं आग लागत नाही की उंदीर लागत नाही. त्यांनी मान वर करून आमचा पंखा बघितला आणि म्हणाले, "वर हाय तर वर. पर गजीचा नाच नीट दिसतो न्हवं?"

हे काल दुपारच्या आधीचं. काल दुपारनंतर काय झालं ते तुला माहीत आहे. म्हणजे अर्धं माहीत आहे.

हातानं लिहितोय याचं हसू येईल तुला. पण हुकूम तुझाच आहे. या कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडायचं नाही, मोबाइल वाय-फायवरनं काढायचा, आणि क्लिपा वर जात आहेत तोवर इथनं हलायचं नाही. मग माणसानं करायचं काय? अल्बमच्या मध्ये घालायचे कोरे कागद पडले होते, पेन होतं. बसलो लिहायला. समोर पडद्यावर एक आकडा हळूहळू वाढतोय. मधनंच त्याच्याकडं बघतो, मधनंच कागदाकडं.

काल तुला फोनवर माझा आवाज ऐकू येत होता, खोली दिसत नव्हती. खोलीतलं सांगतो.

स्टुडिओच्या मालकांनी, दादासाहेबांनी, दिवाळीत क्लाउडवर जागा विकत घेतली. ती कॉम्प्युटरला जोडायचा प्रोग्रॅम मीच शोधून टाकला आणि झेड नावाचा नवा ड्राइव्ह दिसायला लागला. शूटिंगचं कार्ड आणायचं, क्लिपा झेडमध्ये टाकायच्या, झालं. एवढाल्या क्लिपा चहा येईपर्यंत जायच्या. मी गिऱ्हाइकांना बोलवून दाखवायचो. पुण्यातसुद्धा एवढा स्पीड मिळत नसेल म्हणायचो. झेडमध्ये क्लिपा दिसल्या की कार्ड फॉरमॅट, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न. तुझ्या बहिणीच्या, छकुलीच्या लग्नाची सगळी कार्डं अशीच पुसली गेली.

काल एका बारशाच्या क्लिपा टाकत होतो आणि कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही. क्लाउडवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी, आणि हा म्हणतो जागा नाही. माझं डोकं फिरलं. स्टुलाला लाथ घातली. स्टुलाचं काही झालं नाही, माझा अंगठा अजून निळा आहे. मग सी ड्राइव्हवर काय माजलंय ते शोधलं. कॅशे नावाचं एक फोल्डर सापडलं, फुगून टम्म झालेलं. कॅशे म्हणजे कचरा, एवढं माझं इंजिनिअरिंग. आत शिरलो, सगळं निवडलं, शिफ्ट-डिलीट. नावं वाचली नाहीत. राग आला की मी वाचत नाही.

कायमचं पुसायचं का, असं विचारणारी पट्टी आली. तिच्या मागं निळ्या रांगेत एक नाव अर्धवट दिसत होतं. कऱ्हाटी.

ते नाव मी कुठंही वाचतो. एसटीच्या पाटीवर, खताच्या पोत्यावर, कुठंही. तेवढ्यानं थांबलो.

तुझा नंबर मी कॉलेज सोडलं त्या दिवशी मोबाइलमधनं काढून टाकला होता. काढून उपयोग काय, बोटांना पाठ होता. फोन लावला. तू पहिलंच विचारलंस, "काही पुसलंस का?" मी नाही म्हणालो. ते खरं होतं, पण पट्टी उघडी होती आणि माझं बोट तिच्यावर होतं, ते सांगितलं नाही. तुला ते आवाजावरनंच कळलं असणार, कारण तू म्हणालीस, "जे काही उघडं असेल त्याला नाही म्हण, आणि दोन्ही हात मांडीवर ठेव."

मी ‘नाही’ दाबलं. हात खरंच मांडीवर ठेवले. दादासाहेब बघत होते. म्हणाले, "आरं, बालवाडीत बसल्यागत का बसलायस?"

बाकी आता उद्या. डोळे दुखतात त्या आकड्याकडं बघून.

बुधवार

आकडा काल होता त्याच्या बराच पुढं आहे. मध्ये एकदा जीव गेला होता, ते पुढं सांगतो. आधी सोमवारचं पुरं करतो.

तू तुझ्या लॅपटॉपवरनं आमच्या क्लाउडमध्ये शिरलीस आणि मला म्हणालीस, कऱ्हाटीचं फोल्डर उघड आणि काय दिसतं ते वाच. मी वाचलं. हळद, लग्न, गजी, पाठवणी, सगळं होतं. तू म्हणालीस, "मला इथं नुसते फोटो दिसतायत. मोठी एकही क्लिप नाही." एकच फोल्डर, मला भरलेलं आणि तुला रिकामं. दादासाहेबांना मी सांगूच शकलो नाही. तू म्हणालीस, फोन त्यांना दे.

तू रागवशील असं मला वाटत होतं. तुझ्या बहिणीचं लग्न होतं ते. रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं, मीही चढलो असतो आणि फोन आपटला असता. तू दादासाहेबांना विचारलंस काय, तर उसाचं.

"दादासाहेब, ऊस तोडला, ट्रॉलीत भरला, ट्रॉली दारात उभी हाय. ऊस कारखान्यात पोचला का?"

"आसा कसा पोचंल? काट्यावर वजन व्हतंय, पावती हातात येती, मंग पोचला."

"झेडमध्ये दिसतंय ती दारातली ट्रॉली हाय. ऋषी तिलाच पावती समजत होता."

दादासाहेब कारखान्याचे सभासद, त्यांना एका दमात कळलं. मला महिनोन् महिने कळलं नव्हतं. झेडमध्ये टाकलेली क्लिप आधी आपल्याच सी ड्राइव्हवर त्या कॅशेत थांबते, आणि तिथनं नेटच्या चालीनं वर जाते. म्हणजे चहा येईपर्यंत जे जात होतं ते एका खिशातनं दुसऱ्या खिशात. आणि मी तो दुसरा खिसाच कापायला निघालो होतो.

मग तू विचारलंस, कॉम्प्युटर रात्रभर चालू असतो का. मी दादासाहेबांकडं बघितलं, त्यांनी मेन स्विचकडं बघितलं. तुला हे माहीत नाही: शेजारचं कापड दुकान शॉर्ट सर्किटनं जळालं तेव्हापासनं दादासाहेब रोज संध्याकाळी उदबत्ती लावतात, मेन स्वतःच्या हातानं खाली पाडतात, आणि तोच हात कपाळाला लावतात. देव झाकल्यासारखं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आणि मोठी क्लिप अर्ध्यात तुटली की पहिल्यापासनं जाते, हे तू सांगितलंस तेव्हा मला चित्र दिसलं. आमची ट्रॉली रोज सकाळी निघायची, कारखान्याच्या गेटापर्यंत जायची, आणि संध्याकाळी दादासाहेब भक्तिभावानं तिला परत फडात आणून लावायचे. दिवसा नेट हळू झालं की तो प्रोग्रॅम मीच मारायचो, नेट खातो म्हणून.

दादासाहेब म्हणाले, "म्हंजी आपुन दोघंबी चोर."

पुढचं तू लावलेल्या क्रमानं झालं. आधी कॅशेतल्या सगळ्याची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क दादासाहेबांच्या बैलगाडा शर्यतींनी भरलेली होती. त्यांनी एकेक शर्यत स्वतः बघून, बैलाचं नाव घेऊन पुसली. मग सी ड्राइव्हवरची जुनी एडिटिंगची कामं दुसरीकडं हलवून जागा केली, कॅशेला धक्का न लावता. मग प्रोग्रॅम होता तसा परत चालू केला. मी म्हणत होतो कॅशे आत्ताच मोठ्या ड्राइव्हवर नेऊ. तू म्हणालीस, "वाटेतल्या ट्रॉलीचं चाक बदलतात का? पोचू दे, मग बदल." आणि त्या प्रोग्रॅमनं राहिलेल्या क्लिपा आपल्या आपण ओळखल्या आणि पाठवायला घेतल्या. मी एवढे दिवस त्याला शिव्या घालत होतो. तो बिचारा रोज सकाळी काही न बोलता पहिल्यापासनं सुरुवात करत होता.

आता जीव गेल्याचं. आज सकाळी लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, चालू राहिला, मी निवांत. पण आकडा थांबला. नेटचा डबा इन्व्हर्टरवर नव्हता. पाठवणीची क्लिप निम्मी गेली होती, ती पहिल्यापासनं. मी काहीही आपटलं नाही, याची नोंद घे. दादासाहेबांनी घरनं वायरचा बोर्ड आणला आणि डबा जोडला. मेन स्विचवर त्यांनी एक पुठ्ठा चिकटवलाय: "हात लावू नये. मी पण." सोमवारपासनं स्टुडिओतच झोपतायत. उदबत्ती मात्र लावतात.

कॉलेज सोडताना तू मला एक वाक्य बोलली होतीस. परीक्षकानं जर्नल कॉपी केलंय म्हटल्यावर मी ते त्याच्या टेबलावर फाडलं, आणि बाहेर पॅसेजमध्ये मित्र पाठ थोपटत होते. तू म्हणालीस, "जर्नल तुझं होतं, फाडलंस. वर्षही तुझंच होतं. राग आला की तू आधी पुसतोस, मग बघतोस काय होतं." तेव्हा मला वाटलं ही परीक्षकाच्या बाजूची. सोमवारी फोनवर ते वाक्य तू परत बोलू शकली असतीस. सगळ्यात योग्य वेळ होती. बोलली नाहीस.

मी तुझी अशी तारीफ याआधी कधी केली नाही, म्हणून जमेल तशी करतो. छकुलीच्या हळदीच्या दिवशी मांडवातला स्पीकर बंद पडला होता बघ. जनरेटरवाला स्पीकरवाल्याला बोलत होता, स्पीकरवाला जनरेटरवाल्याला. तू पदर खोचून केबल हातानं चाचपत निघालीस. ती दबली होती तुझ्या मामीच्या खुर्चीखाली. तू मामीला ऊठ म्हणाली नाहीस. आधी चहा दिलास, मग सावलीतली दुसरी खुर्ची आणलीस, आणि मामी स्वतः उठल्यावर केबल काढलीस. मामीला अजून माहीत नसेल की स्पीकर त्यांनी बंद पाडला होता. सोमवारीही तू माझ्याशी असंच केलंस. मला खुर्चीवरनं उठवलंस आणि वाटू दिलंस की मीच उठलो.

आणि गजी. मेंढरं जाऊन तुमच्या घरात शेती आली, टेम्पो आला, तरी छकुलीच्या दारात गजी झालाच. आबांच्या गळ्यात ढोल, रिंगणात सगळे पांढरे कपडे, हातातले रुमाल एकदम वर. तू कडेला उभी होतीस. पाय हलत नव्हते, पण उजव्या हाताची बोटं डाव्या तळहातावर ढोल वाजवत होती. तुला स्वतःलाही कळलं नसेल.

हे मला कसं माहीत, तर कॅमेरा माझ्याकडं होता.

एक विचारायचं होतं. तू म्हणालीस, क्लिपा पोचल्या की स्वतः उघडून बघितल्याशिवाय पोचलं म्हणणार नाही. नुसती साइज जुळवली तर नाही का चालणार? तुला तिकडं ऑफिसचं काम असतं. आपलं सहज विचारलं.

गुरुवार

काल ते सहज विचारलं नव्हतं.

सोमवारी हार्ड डिस्कवर प्रत झाल्यावर दादासाहेब क्लिपा उघडून बघायला बसले. शर्यती गेल्या होत्या, दुसरं बघायला काही नव्हतं. हळद बघितली. मानपान बघितला. गजीचा बराचसा भाग बघितला. मग चष्मा काढून मला म्हणाले, "ऋषी, लगीन कुणाचं व्हतं?"

मी म्हटलं छकुलीचं.

"मंग ही कोण?"

मी म्हटलं नवरीची बहीण, सृष्टी. आत्ता फोनवर होती तीच.

"हिचं बी त्याच मांडवात व्हतं का काय?"

मी कीबोर्डवरची धूळ झटकायला लागलो. त्यांनी पुढं विचारलं नाही. चष्मा लावला आणि म्हणाले, पोरगी डोक्यानं लई शांत हाय, आणि तुझ्यात त्येचीच कमी हाय. एवढं बोलून चहा सांगायला गेले.

तू बघशील तेव्हा दिसेलच. नवरीला हळद लागते, आणि कॅमेरा जरा वेळानं वाट्या उचलणाऱ्या हातांकडं जातो. आबांचा ढोल सुरू होतो, आणि कॅमेरा रिंगण सोडून कडेला. वाईट काही नाही त्यात, सृष्टी. तू काम करतेस, एवढंच आहे. पण तुला न विचारता आहे, आणि बरंच आहे. शूटिंग करताना मला कळत होतं असंही नाही. डोळा जिथं गेला तिथं कॅमेरा गेला.

म्हणजे या तीन दिवसांत मी काय करत होतो ते बघ. आकडा पुढं जावा म्हणून हात जोडून बसलो होतो, आणि एकेक क्लिप तुझ्याकडं पोचतेय म्हणून घाम फुटत होता. छकुली पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा माहेरी येणार, सगळी कऱ्हाटी तुमच्या टीव्हीसमोर बसणार, त्यांना लग्न मिळालंच पाहिजे. आणि लग्न मिळालं की तुला हे मिळणार. सोमवारी त्या पट्टीवर होय दाबलं असतं तर दोन्ही गेलं असतं. तू ‘नाही’ दाबायला लावलंस, तेव्हा तुला माहीत नव्हतं काय वाचवतेस.

दुपारी गजी पोचला. आता राहिलेलं शून्य. मी पेन खाली ठेवतो, तू फोन करणार आहेस.

तू फोन ठेवून थोडा वेळ झालाय.

तू म्हणालीस, "पोचलं. सगळं. साइज जुळली, उघडून पण बघितलं." मी दादासाहेबांना खूण केली, त्यांनी मेन स्विचला नमस्कार केला. मग तू म्हणालीस, "आबांचा गजी लई भारी आलाय. नवरी जरा कमी आलीये."

माझं नेहमीचं सुरू झालं. मी म्हटलं चुकलं, मी आत्ता काढून टाकतो, आत्ता, तू फोन ठेवायच्या आत सगळ्या पुसतो. माझा हात माउसवर गेलासुद्धा होता.

तू म्हणालीस, "ऋषी. पुसायच्या आधी विचार."

एवढंच. मग तुला मीटिंगला कुणीतरी हाक मारली.

तर विचारतोय.

तुझ्या त्या क्लिपा ठेवू का काढू? छकुलीच्या पेनड्राइव्हमध्ये त्या जाणार नाहीत, त्या सोडूनही नवरीचं पुरेसं शूटिंग आहे, मी आणि दादासाहेबांनी बसून बघितलं. प्रश्न माझ्याकडं राहणाऱ्यांचा आहे. काढ म्हणालीस तर इथनं, हार्ड डिस्कवरनं, क्लाउडवरनं, तू सांगशील त्या क्रमानं काढतो, आणि हा विषय पुन्हा माझ्या तोंडात येणार नाही. आणि ठेव म्हणालीस, तर मी नुसतं क्लिपांचं विचारत नाहीये, हे तुला कळतंय.

घरात मी कुणाला बोललो नाही. अप्पा काय म्हणतील, तुमच्याकडं आबा काय म्हणतील, आमची माणसं आणि तुमची माणसं काय काय म्हणतील, ते मोठं भांडण आहे आणि भांडणाला मी भीत नाही. पण ते भांडण माझ्या एकट्याचं नाही. त्यात उतरायच्या आधी तुला विचारायला पाहिजे. पहिल्यांदाच असं करतोय.

कॉलेजचं तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. जूनमध्ये बारामतीला जाऊन विचारून येणार आहे, परत घेतात का. त्याचा या पत्राशी संबंध नाही. तू नाही म्हणालीस तरी जाणार आहे.

हे फोनवर टाइप करून पाठवता आलं असतं. दोन निळ्या टिका आल्या असत्या आणि मी दारातली ट्रॉली बघून पोचलं पोचलं म्हणून नाचलो असतो. म्हणून पोस्टात टाकतोय. पेटीत पडलं म्हणजे पोचलं, असं मी आता समजत नाही. तुझी पावती येईल तेव्हा पोचलं. घाई करू नको. आमचा मेन आता चालूच असतो.

आणि सुरुवातीला जे राहिलं होतं, ते ठरलं. सप्रेम.

तुझं उत्तर येईपर्यंत
दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला,
ऋषिराज